महायुद्धातील शिधावाटप आणि आपल्या माता-भगिनी

आपल्या कुंभार समाजाच्या स्मरणिकेत दरवर्षी अध्यक्षांचे मनोगत असते, देणगीदारांची नामावली असते, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात आणि समाजाच्या गतेतिहासाविषयी एखाददुसरा लेखही असतो. संत गोरोबाकाकांचे चरित्र, बलुतेदारीतील आपले स्थान, वसतिगृहांची उभारणी या विषयांचा परामर्श अशा लेखांतून अनेकदा घेतला गेला आहे, आणि तो योग्यच आहे. तथापि ज्या काळात आपल्या घरांतील चुली थंड पडण्याची वेळ आली होती, त्या काळात त्या चुली ज्यांनी पेटत्या ठेवल्या, त्यांच्याविषयी लिहिण्याचे आपल्याकडून राहून गेले आहे. ती उणीव अंशतः भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा काळ दुसऱ्या महायुद्धाचा, म्हणजे १९३९ ते १९४५ चा, आणि त्यानंतरच्या टंचाईच्या काही वर्षांचा. आमचा जन्म त्यानंतरचा. यातील मोठ्या घडामोडी इतिहासात नमूद आहेत. घरातील बाजू मात्र आम्ही आमच्या मातोश्रींच्या तोंडून, आणि सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत शिक्षकाची नोकरी करीत असता गावोगावच्या वडीलधाऱ्या स्त्रियांकडून ऐकली. युद्धाचा इतिहास सेनापतींच्या नावाने लिहिला जातो. शिध्याचा इतिहास लिहावयाचा तर तो ज्यांच्या नावाने लिहिला पाहिजे, त्यांची नावे रेशनकार्डाबाहेर कोठेच नोंदली गेली नाहीत.

धान्य कोठे गेले?

युद्ध युरोपात १ सप्टेंबर १९३९ रोजी सुरू झाले. पहिली दोन वर्षे आपल्या खेड्यांना त्याची झळ भाववाढीपुरतीच लागली. खरे संकट आले ते जपान युद्धात उतरल्यावर. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. हिंदुस्थानात दरसाल दहा लाख टनांहून अधिक तांदूळ तिकडून येत असे, आणि मुंबई शहर व कोकणपट्टी यांची त्यावर मोठी भिस्त होती. रॉकेलचा पुरवठाही त्याच वाटेने आटला. आगगाड्या लष्कराच्या कामी लागल्या, बैलगाड्या भाड्याने मिळेनाशा झाल्या, आणि साठेबाजांनी माल दडविला. युद्धखर्चासाठी नोटा भरमसाट छापल्या गेल्याने सर्वसाधारण भाव युद्धापूर्वीच्या दुपटीहूनही वर गेले. सुटी नाणी इतकी दुर्मिळ झाली की, १९४३ पासून तांबे वाचविण्यासाठी मध्ये भोक असलेला पैसा पाडण्यात आला. हा भोकाचा पैसा आमच्या पिढीने लहानपणी खेळण्यात पाहिला आहे. आमच्या मातोश्रींच्या पिढीने तो पदराच्या गाठीत मोजून बांधला होता.

१९४२-४३ साली शेजारच्या विजापूर जिल्ह्यात दुष्काळ पडला आणि त्याची झळ जत व पूर्वेकडील कोरड्या भागापर्यंत आली. १९४३ साली बंगालमध्ये जे घडले ते सर्वश्रुत आहे. अभ्यासकांच्या अंदाजाने तेथे सुमारे तीस लाख माणसे अन्नावाचून व त्यामागून आलेल्या रोगराईने मेली. मुंबई इलाख्यात तसे घडले नाही. त्याचे एक मोठे कारण म्हणजे येथे शिधावाटप वेळेवर सुरू झाले. २ मे १९४३ रोजी मुंबई शहरात रेशनिंग लागू झाले, ए. डी. गोरवाला या सनदी अधिकाऱ्याचे नाव त्या व्यवस्थेशी कायमचे जोडले गेले आहे. त्याच वर्षी सर थिओडोर ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखालील धान्यधोरण समितीने एक लाखाहून अधिक वस्तीच्या सर्व शहरांत रेशनिंग आणावे आणि प्रौढ माणसास दररोज एक रत्तल धान्य मिळावे, अशी शिफारस केली. सातारा काय किंवा सांगली काय, दोन्ही शहरांची वस्ती त्या वेळी लाखाच्या पुष्कळ खाली होती. तरीही नियंत्रणाचे जाळे मोठ्या शहरांवरून लहान शहरांकडे आणि तेथून खेड्यांकडे पसरत गेले. लोकांनी या साऱ्या व्यवस्थेला एकच नाव दिले, 'कंट्रोल'. कंट्रोलचे दुकान, कंट्रोलची ज्वारी, कंट्रोलचे कापड. सरकार बदलले, राज्य बदलले, पण खेड्यातील म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी तो शब्द शेवटपर्यंत राहिला.

आपला मुलूख आणि आपला धंदा

त्या काळचा सातारा जिल्हा आजच्यासारखा नव्हता, हे तरुण वाचकांनी ध्यानी घ्यावे. वाळवे, शिराळे, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच मोडत. १९४९ साली जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. खुद्द सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते. मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने खालसा मुलखात अशी मिसळलेली होती की, एका गावाचे शिवार इंग्रजी अमलात आणि ओढ्यापलीकडचे संस्थानात, असा प्रकार ठायी ठायी असे. ८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. तोपर्यंत धान्याच्या ने-आणीवरील निर्बंधांमुळे या सीमा गृहिणींना फार जाचक झाल्या. माहेर औंध संस्थानात आणि सासर इंग्रजी हद्दीत असलेल्या लेकीला दिवाळीची पायलीभर ज्वारी आणावयाची झाली तरी नाक्यावरच्या शिपायाचे भय वाटे.

जमिनीचाही फरक लक्षात घेतला पाहिजे. पश्चिमेस पाटण, जावळीकडे पाऊस उदंड. तेथे भात, नाचणी आणि वरी. मध्ये कृष्णाकाठी शाळू, भुईमूग, ऊस आणि हळद. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत येथे पाऊस बेभरवशाचा. बाजरी, मटकी आणि हुलगा यांवर गुजराण. आमचा मुलूख तांदूळखाऊ नव्हे. तेव्हा ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाल्याने येथे उपासमार का व्हावी, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की, शहरांचे पोट भरण्यासाठी सरकारने खेड्यांतून लेव्ही गोळा करण्यास प्रारंभ केला. शेतकऱ्याने जमीन व पीक यांच्या मानाने ठरावीक धान्य सरकारी भावाने घालावयाचे. गावकामगार मंडळी कणग्या पाहू लागली, पेवांची झाकणे उघडू लागली. शेतकऱ्याच्या घरी जे उरे ते तो जपून ठेवी.

आणि येथेच आपल्या समाजाची विशेष अडचण झाली. आपण बलुतेदार. आपल्यातील बहुतेकांना जमीन नव्हती, किंवा असली तर गुंठेवार. सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावरून बलुते यावयाचे आणि वर्षभर मडकी, रांजण, परळ, वेळण्या यांच्या मोबदल्यात घरोघरून धान्य यावयाचे, हा शिरस्ता. पैशाशी गाठ थोडी, धान्याशी फार. लेव्हीनंतर खळ्यावरचा हात आखडला. बलुते बंद झाले नाही, पण सुपाचे ओंजळीवर आले. लग्नसमारंभ व जेवणावळी कमी झाल्या, तशी लग्नघरची मडकी कमी झाली. संक्रांतीच्या सुगडांचे दाणेही मोजके पडू लागले. ज्या घराने पैसा देऊन धान्य विकत घेण्याची सवय कधी केली नव्हती, त्या घराला आता रोख पैसे घेऊन कंट्रोलच्या दुकानी उभे राहावे लागले.

आपल्या धंद्यातील श्रमविभागणी वाचकांस ठाऊकच आहे. चाकावर बसणार पुरुष, म्हणून कारागीर तो. माती खणून आणणे, ती चाळणे, भिजविणे, लीद घालून तुडविणे, वाळलेली भांडी उन्हा-सावलीत हलविणे, आवा रचताना हाताखाली राबणे, आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारी जाणे, ही कामे प्रामुख्याने स्त्रियांची. विक्री तिच्या हाती असल्यामुळे धान्य घरी आणणारीही तीच होती. शिधावाटपाच्या काळात घराच्या पोटाचा भार तिच्यावर पडला, याचे मूळ येथे आहे.

शेर आणि रत्तल

आमच्या मातोश्री त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांच्या, नुकत्याच सासरी आलेल्या. त्या सांगत की, कंट्रोलचा पहिला त्रास उपासाचा नव्हता, हिशेबाचा होता. आपल्याकडे धान्य मापाने मोजले जाई : दोन नीळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. घरातील प्रत्येक बाईला एका मापट्याच्या किती भाकरी होतात, हे डोळे मिटून सांगता येई. दुकानात मात्र धान्य तराजूने, रत्तल आणि औंसांत मिळू लागले. हलकी ज्वारी मापात फुगते आणि वजनात भरत नाही. ओलसर धान्य वजनात भरते आणि दळल्यावर उणे होते. अक्षरओळख नसलेल्या त्या बायकांनी रत्तलाचे मापटे आणि मापट्याच्या भाकरी हे कोष्टक आठवडाभरात मनाशी बसविले. शाळेत ही गणिते मुलांकडून सोडवून घेताना आमची जी दमछाक होई, ती आठवली म्हणजे त्या माउलींच्या बुद्धीचे कौतुक वाटते.

दुसरा त्रास रांगेचा. दुकान केव्हा उघडेल याचा नेम नसे. धान्य आल्याची आवई उठली की काखेत मूल आणि हातात पिशवी घेऊन बाया धावत. त्या दिवशी गाठीला पैसा नसला तर शिधा बुडे. अनेक घरांचे पैसे मुंबईहून मनिऑर्डरीने येत. मनिऑर्डर चार दिवस उशिरा आली म्हणजे शेजारणीकडून उसने घेणे आले. तिसरा त्रास निवडण्याचा. खडे, माती, किडके दाणे यांनी भरलेले धान्य दिवसभर पाखडत बसावे लागे, आणि पाखडून जे सुपाबाहेर गेले त्याची भरपाई कोठूनही होत नसे.

अपुऱ्याचे पुरते करण्याच्या त्यांच्या युक्त्या काही नव्या नव्हत्या. दुष्काळी मुलखातील आजीबाईंचे ते जुने ज्ञान होते. तांदुळजा, घोळ, पाथरी, अंबाडी, शेवग्याचा पाला या भाज्या पिठात मिसळून भाकरी जड करावयाची. हरभऱ्याचा पाला सुगीत वाळवून ठेवावयाचा. हुलग्याचे माडगे आणि नाचणीची आंबील यांवर एक वेळ भागवावयाची. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवावयाच्या, ताक नसेल तर चिंचेच्या पाण्यात. कोंड्याचा मांडा करणे ही म्हण आपण सहज वापरतो. त्या वर्षांत ती म्हण राहिली नव्हती, रोजची कृती झाली होती.

कार्डावर पूर्ण, ताटात अपूर्ण

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. रेशनकार्ड हा कागद एका दृष्टीने मोठा क्रांतिकारक होता. त्यात कुटुंबातील माणसे मोजली जात. प्रौढाचे एक युनिट, लहान मुलाचे अर्धे. प्रौढ पुरुष आणि प्रौढ स्त्री यांत भेद नव्हता. जितके एक रत्तल मालकाचे, तितकेच एक रत्तल मालकिणीचे. घराच्या सातबाऱ्यावर जिचे नाव नाही, जातपंचायतीत जिला बसण्याची जागा नाही, मतदारयादीत जिचे नाव क्वचित, त्या स्त्रीला सरकारच्या एका कागदाने पुरुषाइतकेच पूर्ण माणूस म्हणून धरले.

परंतु शिधा घरात आल्यावर कागदाचा अंमल संपे आणि चुलीचा रिवाज सुरू होई. आधी पुरुष, मग मुले, मग सासू, आणि शेवटी सून. एक उदाहरण घेऊ. पती, पत्नी, सासू आणि तीन मुले यांचे घर म्हणजे साडेचार युनिटे. रत्तलभराच्या प्रमाणाने, आजच्या मापात, दिवसाला सुमारे दोन किलो धान्य. १९४६ च्या प्रारंभी देशात पुन्हा मोठी तूट आली आणि मूळ शिधा सोळा औंसांवरून बारा औंसांवर आणावा लागला. म्हणजे माणशी सुमारे साडेचारशे ग्रॅमचे तीनशे चाळीस ग्रॅम झाले. त्यातून मिळणारी शक्ती जेमतेम बाराशे कॅलरी. आमच्या उदाहरणातील घराचा शिधा त्या एका हुकुमाने दिवसाला अर्ध्या किलोने घटला. मोठी भाकरी शंभर-सव्वाशे ग्रॅम पिठाची धरली तर चार-पाच भाकरी कमी झाल्या. त्या भाकरी कोणाच्या ताटातून गेल्या, हा प्रश्न आम्ही ज्या ज्या वृद्ध स्त्रीला विचारला, ती हसली. उत्तर देण्याजोगा तो प्रश्न तिला वाटलाच नाही.

आणखी एक गोष्ट. जड अंगमेहनतीची कामे करणाऱ्या कामगारांना जादा शिधा देण्याची तरतूद त्या व्यवस्थेत होती. गिरणी, गोदी, कारखाना येथील मेहनत तीत मोजली गेली. पहाटे उठून जात्यावर पायलीभर दळणे, दोन कोसांवरून पाणी आणणे, मातीचा ढीग पायांनी तुडविणे, पाटी घेऊन पाच-सहा मैल बाजारास चालणे, ही मेहनत त्या व्याख्येत बसली नाही, कारण तिला पगार नव्हता. जिने अधिक श्रम केले तिने कमी खाल्ले. तिच्या अंगावर मूल पीत असेल तर त्या मुलानेही कमी खाल्ले. आपल्या समाजात त्या वर्षांत बाळंतपणात दगावलेल्या लेकी-सुना कित्येक घरांच्या आठवणीत आहेत. त्यांच्या मृत्यूचे कारण दैव म्हणून सांगितले गेले. दैवाचा वाटा असेलही. ताटाचा वाटा किती, याचा विचार आपण केला पाहिजे.

यात पुरुष मंडळींचा दुष्टपणा होता असे आम्हांस म्हणावयाचे नाही. बहुतेकांना कळलेच नाही. स्त्रीने शेवटी जेवावयाचे असल्याने तिने किती खाल्ले हे पाहणारे कोणी उरतच नसे.

एकाच आळीतील दोन घरे

सातारा-सांगलीच्या शिध्याच्या कहाणीला आणखी एक पदर आहे, तो दुसरीकडे क्वचित सापडेल. या जिल्ह्याने युद्धात सैनिकही दिले आणि सरकारविरुद्ध लढणारे भूमिगतही दिले. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव पहिल्या महायुद्धात ४६ वीर गमावल्यामुळे अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखले जाते. दुसऱ्या युद्धातही आपल्याकडील तरुण मराठा पलटणींतून १९४१ साली केरेनच्या डोंगरात आणि पुढे इटलीत लढले. त्याच वेळी वडूज येथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी आणि इस्लामपूर येथे १० सप्टेंबर १९४२ रोजी निःशस्त्र मोर्चांवर गोळीबार होऊन माणसे हुतात्मा झाली, आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकारचा कारभार सुरू झाला.

म्हणून एकाच आळीत दोन प्रकारची घरे होती. एका घरातील मुलगा सरकारच्या पलटणीत, दुसऱ्या घरातील मुलगा सरकारच्या वॉरंटावर. एका घरी मनिऑर्डर येई, दुसऱ्या घरी पोलिसांची धाड. दोन्ही घरांच्या आया मात्र एकाच रांगेत उभ्या राहत आणि एकाच पोत्यातले किडके धान्य घेऊन परत येत. त्यांच्यात भांडण झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. उसनवारी झाल्याचे पुष्कळ ऐकले आहे.

भूमिगतांना भाकरी कोणी दिली? कार्डावर सहा माणसे आणि रात्री जेवणारी आठ, हा हिशेब कोणत्या कोष्टकात बसविला? उसाच्या फडात आणि ज्वारीच्या रानात दडलेल्या तरुणांना भाकरी पोचविणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांची नावे कोणास ठाऊक नाहीत. काहींची आहेत. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी निरोप व हत्यारे पोचविण्याची जोखीम पत्करली. सरकारने नानांचे घर व जमीन जप्त केल्यावर त्या कुटुंबाने कष्टाने दिवस काढले. हौसाताई २०२१ साली निवर्तल्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकर ऐन तारुण्यात घर सोडून चळवळीत उतरल्या. प्रतिसरकारने काळाबाजार करणाऱ्यांना वचक बसविला, लोकन्यायालये चालविली, आणि कमी खर्चाचे 'गांधी-विवाह' लावले. या विवाहांकडे आपण सुधारणा म्हणून पाहतो. धान्यटंचाईत ज्या बापाच्या घरी लेक उपवर होती, त्याच्या बायकोला ते जीवदान वाटले असले पाहिजे.

मुंबईतील खानावळी आणि जगातील इतर गृहिणी

साताऱ्याचे घर समजावयाचे तर मुंबईकडेही पाहिले पाहिजे, कारण आपल्या घरांतील अर्धे कर्ते पुरुष गिरणगावात होते. तेथे एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहत आणि जेवावयास खानावळीत जात. या खानावळी चालविणाऱ्या बहुतेक स्त्रियाच. रेशनिंग आल्यावर गिऱ्हाइकांची कार्डे खानावळवालीच्या हाती आली. पंधरा-वीस पुरुषांचा शिधा उचलणे, त्यात गहू, तांदूळ, ज्वारी जे येईल ते रांधणे, पाळी बदलेल तसे जेवण वाढणे आणि महिनाअखेरपर्यंत उधारी सांभाळणे, हा त्यांचा व्यवसाय होता. त्यांना कोणी व्यवस्थापक म्हटले नाही, 'मावशी' म्हटले. १९७५ साली याच खानावळवाल्या स्त्रियांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, तेव्हा त्यांच्या कामाला प्रथमच संस्थेचे रूप आले.

विलायतेत रेशनिंग ८ जानेवारी १९४० पासून सुरू झाले. तेथील अन्नखात्याने गृहिणींसाठी पत्रके काढली, नभोवाणीवरून पाककृती सांगितल्या, आणि गरोदर स्त्रियांना दूध व इतर पौष्टिक अन्न अग्रक्रमाने देण्याची सोय केली. तेथेही १९४६ च्या जुलैत पावावर रेशनिंग आले. म्हणजे ज्या वर्षी आपला शिधा बारा औंसांवर आला त्याच वर्षी जेत्यांनाही पाव मोजून खावा लागला. आपल्या शेजारी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती; त्यांत मुख्यतः स्त्रिया व मुले होती. रशियातील हद्दपारीतून वाचून आलेल्या त्या बायका पंचगंगेच्या काठी चूल मांडून बसल्या. मिरज-कोल्हापूर गाडीने जाणाऱ्या आपल्या बायांना त्या गोऱ्या बायकांचे नवल वाटे. दोघींच्या पुढ्यात प्रश्न एकच होता : आज मुलांच्या पानात काय घालावयाचे?

पुढे काय झाले?

युद्ध संपले तरी कंट्रोल संपला नाही. महात्मा गांधींच्या आग्रहावरून १९४७ च्या डिसेंबरात धान्यावरील नियंत्रणे उठविण्यास प्रारंभ झाला. भाव चढले आणि १९४८ साली नियंत्रणे परत आली. अन्नमंत्री रफी अहमद किडवाई यांच्या कारकिर्दीत १९५४ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने गेली. १९६५-६६ च्या टंचाईत आणि १९७२ च्या दुष्काळात आम्ही स्वतः अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाल्ला. त्याची भाकरी थापताना तुटे. आमच्या मातोश्री ती न मोडता तव्यावर टाकीत, आणि विचारले असता म्हणत, "हे तर बरंच म्हणायचं. कंट्रोलच्या सालात ह्याच्यापेक्षा वाईट थापलंय." १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन हजारो स्त्रिया मोर्चाने बाहेर पडल्या; मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या त्यांच्या नेत्या. रांगेत मुकाट उभ्या राहिलेल्या पिढीच्या लेकी त्या मोर्चात होत्या.

आणि २०१३ साली संसदेने राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा केला. त्यात रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीचे नाव असावे, असे ठरले. मुंबईत पहिली कार्डे वाटली गेल्याला त्या वर्षी सत्तर वर्षे झाली होती. जी घर चालवीत होती, तिला कागदाने घराची प्रमुख म्हणण्यास सत्तर वर्षे लागली.

आपले कर्तव्य

कायद्याने जे करावयाचे ते केले. चुलीचा रिवाज बदलणे कायद्याच्या हाती नाही. ते समाजाच्या हाती आहे. समाजधुरीणांपुढे आम्ही दोन नम्र सूचना ठेवतो.

पहिली अशी की, महायुद्धाच्या काळी ज्या मुली किंवा नवविवाहिता होत्या, त्यांतील आज हयात असणाऱ्या माउली नव्वदीच्या पुढच्या आहेत. गावोगावच्या शाखांनी त्यांच्याकडे जावे, त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत टिपून घ्याव्यात, आणि पुढील स्मरणिकेत त्यांची नावे पूर्ण छापावीत. 'अमक्याची आई', 'तमक्याची पत्नी' असे न लिहिता त्यांचे स्वतःचे नाव लिहावे. देणगीदारांच्या यादीशेजारी ही यादी कमी शोभणार नाही. ज्यांनी आपल्या ताटातील भाकरी दिली, त्यांची देणगी लहान कशी म्हणावी?

दुसरी सूचना किंचित अप्रिय वाटण्याचा संभव आहे. आपल्या वार्षिक मेळाव्यात भोजनाच्या वेळी पहिल्या पंगती पुरुषांच्या बसतात. सकाळपासून स्वयंपाकघरात आणि वाढण्यात गुंतलेल्या भगिनी दुपार कलल्यावर उरलेल्या अन्नावर बसतात. गेल्या मेळाव्यात शेवटच्या पंगतीला भाजी संपली होती, हे उपस्थितांस स्मरत असेल. आज धान्याची टंचाई नाही, लेव्ही नाही, औंसांचा हिशेब नाही. तरीही पंगतीचा क्रम मात्र १९४३ सालचाच आहे. यंदाच्या मेळाव्यात पहिली पंगत भगिनींची बसावी आणि पुरुष मंडळींनी, पदाधिकाऱ्यांनी प्रथम हाती वाढपी घेऊन वाढावे, असा ठराव कार्यकारिणीने करावा. ठरावास खर्च नाही, देणगी लागत नाही, सरकारची परवानगी लागत नाही. कार्डावरील ते एक पूर्ण युनिट ताटात पूर्ण उतरल्याचे समाजास प्रथमच दिसेल.